तुलनेच्या ओझ्याखालचा पुरुष

पौषातल्या थंडीत सूर्य मकर राशीत येतो, दिवस तिळातिळाने मोठा होत जातो आणि आपल्या घराघरांत भाजलेल्या तिळाचा खमंग वास दरवळतो. भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी काल झाली. आज काळ्या चंद्रकळेतल्या सुवासिनी सुगडे पुजून वाण लुटायला निघतील, धाकटी मंडळी थोरांच्या पाया पडून तिळगूळ घेतील, आणि सरलेल्या वर्षातली कटुता मागे टाकून गोड बोलण्याचे वचन आपण एकमेकांना देऊ. याच तारखेला, १४ जानेवारी १८८२ रोजी, रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म झाला. सणाच्या गडबडीत त्यांची जयंती दरवर्षी हरवून जाते. मराठी माणसाने स्वतःच्या देहाविषयी आणि कामजीवनाविषयी न लाजता, शास्त्राच्या आधाराने बोलावे म्हणून जुलै १९२७ पासून अखेरच्या श्वासापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवणारा हा माणूस आजच्या संक्रांतीच्या तारखेला जन्मला, हा योगायोग आपण मनात धरण्याजोगा आहे.

कर्वे कट्टर बुद्धिवादी. राशी आणि संक्रमणे यांचे त्यांना अप्रूप नव्हते. पण वर्षाच्या वळणावर थांबून मागचे आणि पुढचे पाहण्याची आपली रीत जुनी आहे, आणि त्या रीतीला अनुसरून आज आपण त्यांनी सुरू केलेल्या बोलण्याचा हिशेब मांडायला हवा. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याला शतक उलटून गेले. तेव्हा ज्या शब्दांनी माणसे कानांवर हात ठेवत ते आज सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. मासिक पाळीविषयी शाळेतल्या मुली मोकळेपणाने बोलू लागल्या आहेत. स्त्रीच्या देहावर लादलेल्या सौंदर्याच्या अपेक्षांविषयी आपण लेख लिहितो, परिसंवाद घेतो, आणि ते योग्यच आहे. पुरुषाच्या देहाविषयीचे बोलणे मात्र अजून उंबरठ्याबाहेरच उभे आहे. त्यातही आपल्या शिश्नाचा आकार पुरेसा नाही या शंकेने किती पुरुष आयुष्यभर आतल्या आत कुढतात, आणि ती एक शंका त्यांच्या साऱ्या देहाकडे पाहण्याच्या नजरेवर कशी सावली धरते, याविषयी घरात, शाळेत, मित्रांत, नवरा-बायकोत, कुठेच धड बोलले जात नाही.

या शंकेची मुळे फार कोवळ्या वयात रुजतात. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आपण तान्ह्या मुलांचे बोरन्हाण करतो. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या ओतल्या जातात, आणि त्या इवल्या देहाचे कौतुक साऱ्या आळीला करायचे असते. त्याच बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालताना आजीला त्याच्या कोणत्याही अवयवाचा संकोच नसतो. मग दोन-तीन वर्षांत कधीतरी, उघडे धावत आलेल्या त्या मुलाकडे बोट दाखवून कुणीतरी ‘शेम शेम’ म्हणते आणि सगळे हसतात. त्यात कुणाच्याच मनात वाईट नसते. पण देहाचा एक भाग लपवायचा असतो एवढा धडा मुलगा शिकतो, आणि त्यापुढचा धडा त्याला कुणीच देत नाही. बारा-तेराव्या वर्षी देह बदलू लागतो तेव्हा आई म्हणते वडील सांगतील, वडिलांना वाटते शाळेत सांगत असतील, आणि शाळेतले गुरुजी प्रजननसंस्थेचा धडा घरी वाचायला सांगून पुढच्या धड्याकडे वळतात. २००७ साली किशोरवयीन मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला देशातल्या अनेक राज्यांनी दारे बंद केली, त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्रही होता, हे आज त्यांच्या जयंतीला आठवताना मन खिन्न होते.

मग मुलगा शिकतो कुठे? नदीच्या डोहावर, पोहण्याच्या तलावावर, वसतिगृहाच्या न्हाणीघरात, आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या आणि म्हणून शरीराने पुढे गेलेल्या मुलांकडे चोरून पाहत. पुढे मोबाइलच्या पडद्यावर, जिथे निवडून घेतलेले देह विशिष्ट कोनातून आणि विशिष्ट प्रकाशात दाखवलेले असतात. इटलीतील निकोला मोन्दायनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. आपले शिश्न लहान आहे, ते वाढवून द्या, अशी मागणी घेऊन आलेल्या ६७ पुरुषांची त्यांनी तपासणी केली. त्यांतल्या एकाचेही माप वैद्यकीयदृष्ट्या लहान ठरावे असे नव्हते. सर्वसाधारण माप किती असते याचाच बहुतेकांचा अंदाज चुकलेला होता, खऱ्यापेक्षा मोठा होता. ही चिंता कधी सुरू झाली असे विचारल्यावर सुमारे ६३ टक्क्यांनी लहानपणी मित्रांशी केलेल्या तुलनेकडे बोट दाखवले आणि उरलेल्यांनी किशोरवयात पाहिलेल्या कामुक चित्रांकडे. चाळिशी गाठलेला माणूस डॉक्टरांसमोर बसलेला असतो, आणि त्याच्या आत बोलत असतो तो डोहाच्या काठावर ओशाळून उभा राहिलेला दहा वर्षांचा मुलगा. हे वाचताना आपल्याला त्या मुलाची दया यावी, हसू येऊ नये.

तुलना चुकते याला देहाची रचनाही कारण आहे. स्वतःकडे पाहताना आपण वरून खाली पाहतो, त्यामुळे लांबी आहे त्याहून कमी भासते. दुसऱ्याकडे समोरून वा बाजूने पाहतो, ती पूर्ण दिसते. ओटीपोटाखाली मेद साठला की शिश्नाचा मुळाजवळचा भाग त्यात बुडतो आणि अवयव तेवढाच असूनही कमी झाल्यासारखा वाटतो. शिथिल अवस्थेतले माप थंडीने, भीतीने, थकव्याने बदलत राहते, आणि त्यावरून ताठर अवस्थेतले माप सांगता येत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डेव्हिड व्हील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली जगभरातल्या अशाच अभ्यासांची मापे एकत्र केली, ज्यांत मोजमाप पुरुषाने स्वतः न करता आरोग्यकर्मीने केले होते. एकूण १५,५२१ पुरुषांची ती माहिती होती. शिथिल अवस्थेत सरासरी ९.१६ सेंटिमीटर आणि ताठर अवस्थेत १३.१२ सेंटिमीटर लांबी त्यांना आढळली. ताठर अवस्थेतले मोजमाप यांतल्या थोड्याच पुरुषांचे झाले होते, हे खरे. तरी शंभरातले सुमारे नव्वद पुरुष दहा ते सोळा सेंटिमीटरच्या दरम्यान असतात, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते. आपल्या मनातला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवला तर कित्येकांच्या छातीवरचा दगड आजच उतरेल.

पण आकडा कळला म्हणजे समाधान मिळतेच असे नाही, आणि खरा विचार करण्याजोगा भाग इथून सुरू होतो. अमेरिकेत जॅनेट लिव्हर, डेव्हिड फ्रेडरिक आणि लेटिशिया अ‍ॅन पेप्लाऊ यांनी ५२,०३१ भिन्नलिंगी स्त्री-पुरुषांना प्रश्न विचारून २००६ साली निष्कर्ष मांडले. स्वतःचे शिश्न सरासरी आहे असे ६६ टक्के पुरुषांनी सांगितले, केवळ १२ टक्क्यांनी ते लहान म्हटले. तरीही ४५ टक्क्यांना ते अधिक मोठे असायला हवे होते. म्हणजे आपण सर्वसाधारण आहोत हे मान्य असूनही सर्वसाधारण असण्यात समाधान नाही. याउलट, जोडीदाराच्या आकाराविषयी ८५ टक्के स्त्रिया समाधानी होत्या. पुरुषाला ज्या नजरेची धास्ती वाटते, ती नजर बहुतेक वेळा त्याला नावे ठेवतच नाही.

त्याच पाहणीत आणखी एक धागा होता, आणि आपल्याला तो अधिक मोलाचा वाटतो. ज्यांनी आपले शिश्न सरासरीहून मोठे असल्याचे सांगितले, त्यांनी स्वतःच्या एकूण रूपालाही सर्वांत चांगले म्हटले. उंच पुरुषांनी आपले माप मोठे सांगितले, ज्यांच्या अंगावर मेद अधिक होता त्यांनी लहान. एका अवयवाविषयीचे मत आणि साऱ्या देहाविषयीचे मत असे एकमेकांत गुंतलेले असते. जो स्वतःच्या पोटाकडे पाहून खंतावतो, टक्कल पडू लागले म्हणून आरसा टाळतो, दंड बारीक म्हणून पूर्ण बाह्यांचाच सदरा घालतो, त्याच्या मनात ही शंका सहज शिरते. आणि ज्याच्या मनात ही शंका घर करून बसली तो माणूस मग खांदे पाडून चालू लागतो, तलावावर जाणे सोडतो, कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करतो, लग्नानंतरही दिवा मालवल्याशिवाय जवळ येत नाही. समागमाच्या वेळी तो तिथे नसतोच. तो बाजूला उभा राहून स्वतःचे परीक्षण करत असतो, आणि त्या ताणानेच ताठरता जाते. मग त्याला वाटते, शंका खरीच होती. हॅरिसन पोप, कॅथरीन फिलिप्स आणि रॉबर्टो ऑलिव्हार्डिया या तिघांनी २००० साली ‘द अ‍ॅडोनिस कॉम्प्लेक्स’ हे पुस्तक लिहून पुरुषांच्या या मूक देहचिंतेला नाव दिले. आज आपल्या तालुक्याच्या गावीही जिमच्या पाट्या लागल्या आहेत, पिळदार देहांची चित्रे त्यांवर आहेत, आणि व्यायाम ही उत्तम गोष्ट आहे. तालमीच्या लाल मातीत घडलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत. पण व्यायाम आपल्या देहाच्या प्रेमापोटी करायचा की त्याच्या रागापोटी, याविषयी जिमच्या आरशांसमोर उभ्या असलेल्या पोरांशी कुणी बोलत नाही.

ही चिंता आजची आहे, पाश्चात्त्य चित्रपटांनी आणली आहे, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात शश, वृष आणि अश्व असे पुरुषांचे, आणि मृगी, वडवा आणि हस्तिनी असे स्त्रियांचे भेद सांगितले आहेत, आणि जोडीत समानता असावी, तोच संयोग श्रेष्ठ, असा त्याचा कौल आहे. मोठेपणाला त्याने सरसकट मुकुट घातलेला नाही. तरी त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अधिकरणात अवयव वाढवण्याचे उपायही येतात, त्यांत शूक नावाच्या किड्यांचा लेप सांगितला आहे. म्हणजे लोक ते मागत होते. आणि सुश्रुतसंहितेचे निदानस्थान उघडले की शूकदोषांचा एक अख्खा अध्याय भेटतो. शिश्न वाढवण्याच्या इच्छेने अविचाराने असे लेप लावणाऱ्यांना होणारे अठरा व्याधी तिथे नावानिशी दिले आहेत: फोड, सूज, पू, मांस कुजणे. शल्यविद्येचा हा आद्य आचार्य जखमी झालेले किती पुरुष पाहून हे लिहीत असेल! आपण ज्याला प्राचीन ज्ञान म्हणून गौरवतो त्यात लेपाची कृती आहे आणि त्या लेपाने झालेल्या जखमांची यादीही आहे. त्या ज्ञानाचा वारसा सांगताना यादी वगळून कृतीच तेवढी उचलणारे आज पुष्कळ आहेत.

ते कुठे भेटतात हे सांगायला नको. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद, रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेली ‘गुप्तरोग’ ही अक्षरे, महामार्गाच्या कडेला बाटल्या मांडून बसलेले जडीबुटीवाल्यांचे तंबू, आणि आता मोबाइलवर न मागता येणाऱ्या जाहिराती. शंभर टक्के खात्री, एका महिन्यात फरक, पत्ता गुप्त ठेवू. पौष सरून माघ लागला, लग्नसराई सुरू झाली की यांची चलती. लग्न ठरलेला, कुणाला विचारायची सोय नसलेला तरुण हेच त्यांचे गिऱ्हाईक. आपल्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ चा आहे. औषधांविषयीच्या केंद्रीय नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, ज्या गोष्टी बऱ्या वा साध्य करून देण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये त्यांच्या यादीत, लैंगिक अवयवाचा आकार आणि घाट सुधारणे हे स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे. कोणतेही तेल, चूर्ण वा गोळी शिश्न वाढवत नाही. शस्त्रक्रियेचे म्हणाल तर निरोगी पुरुषाचे शिश्न जाड करण्यासाठी चरबी टोचणे, किंवा लांब करण्यासाठी त्याचा आधारबंध कापणे, सुरक्षित वा गुणकारी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ही मूत्ररोगतज्ज्ञांची संस्था सांगते.

याचा अर्थ सारेच भ्रम आहे असा घेऊ नये. काही मुलांत संप्रेरकांच्या कमतरतेमुळे शिश्नाची वाढ खरोखरच खुंटते. ही अवस्था विरळ आहे, आणि अगदी लहान वयात बालरोगतज्ज्ञांनी ओळखली तर तिच्यावर उपचार आहेत. म्हणून आई-वडिलांनी शंका आली तर शेजारपाजारी कुजबुजण्याऐवजी सरळ डॉक्टरांकडे जावे. पुष्कळदा गुटगुटीत मुलाचा अवयव मेदाखाली दडलेला असतो, एवढेच निघते. आणि ज्यांना ही अवस्था आहे त्यांचेही सहजीवन फुलू शकते. ब्रिटनमधील डॉक्टरांनी अशा पुरुषांचा मागोवा घेऊन १९८९ साली तसे नोंदवले आहे. स्त्रीच्या देहशास्त्राचे ज्ञान असेल तर यात नवल वाटणार नाही. योनीमार्गाच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात संवेदना अधिक असते, आणि स्त्रीच्या सुखाचे मुख्य स्थान असलेल्या भगशिश्निकेचे टोक तर बाहेरच असते. स्पर्श, धीर, बोलणे, तिला काय आवडते हे विचारणे, यांना लांबीची अट नाही. जो पुरुष आपल्याच मापात अडकून पडतो त्याला समोरची व्यक्ती दिसेनाशी होते, आणि एवढ्या खाजगी वाटणाऱ्या या दुःखात तीही विनाकारण भरडली जाते.

कर्व्यांकडे वाचकांची पत्रे येत. हस्तमैथुनाविषयी, समलिंगी आकर्षणाविषयी, जे कुणालाच विचारता आले नाही त्याविषयी. ती छापून ते उत्तरे देत. त्या उत्तरांसाठीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर लिहिलेले केवळ तेवढ्याने अश्लील ठरत नाही, ही भूमिका त्यांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला, त्यांनी तो भरला आणि मासिक चालूच ठेवले. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले, आणि ‘समाजस्वास्थ्य’ त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकानंतर थांबले. पुढे मुंबईतच डॉ. महिंदर वत्स यांनी उतारवयात एका इंग्रजी दैनिकात असेच सदर चालवले, आणि २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले तोवर आकाराची चिंता घेऊन येणारी पत्रे काही थांबली नव्हती. विचारणारे तेव्हाही होते, आताही आहेत. उत्तर द्यायला बसलेली माणसे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच राहिली, हा आपल्या समाजाचा दोष आहे.

संक्रांतीला सुवासिनींचे हळदीकुंकू होते, त्या निमित्ताने बायका एकमेकींकडे जातात, सुखदुःखाचे दोन शब्द बोलतात. पुरुषांना असे निमित्त परंपरेने दिले नाही. ते जमतात तेव्हा एकमेकांची थट्टा करतात, आणि त्या थट्टेत नेमका हाच विषय हत्यारासारखा वापरला जातो. केळवणाला आणि हळदीला नवरदेवाच्या कानात सांगितल्या जाणाऱ्या चावट गोष्टींनी कित्येकांची पहिली रात्र भयाची होते. ती थट्टा थांबवणे आपल्या हातात आहे. वयात येणाऱ्या मुलाला बापाने, मामाने किंवा काकाने एकदा शेजारी बसवून सांगावे की देह प्रत्येकाचा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या मापाने वाढतो, पडद्यावर दिसते ते खरे नसते, आणि काही विचारावेसे वाटले तर मी आहे. कुटुंबाच्या डॉक्टरांनी, रुग्ण घुटमळला तर, आपण होऊन हा प्रश्न विचारावा, तपासून खरे माप सांगावे आणि हसू नये. शाळांनी तो धडा वर्गात, मोठ्याने शिकवावा. आणि ज्या वाचकाच्या मनात आज ही शंका घर करून आहे त्याने भिंतीवरचा क्रमांक न फिरवता मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे, तपासणीनंतरही मन निवले नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. समोरासमोर बोलणे जड वाटत असेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते.